तीन दिवसांचं अंतर

दार उघडलं तेव्हा आईच्या चेहऱ्यावर ओला रुमाल होता, आणि रुमालाखालूनच ती म्हणाली, "घाबरू नकोस गं, माझीच चूक आहे."

भाजीची पिशवी अजून लेकीच्या हातातच होती. काय झालं, कुठे लागलं, हे कळायच्याही आधी तिला राग आला तो या वाक्याचा. जन्मापासून ती हे वाक्य ऐकत आली होती. दूध उतू गेलं, माझीच चूक. वडिलांनी भरलं ताट भिरकावलं, माझीच चूक, मीठ चाखून बघायला हवं होतं. दादाला नोकरी उशिरा लागली, माझीच चूक, त्याला वेळेवर शिकवणी लावली नाही. वडील गेले त्या दिवशीही दवाखान्याच्या पायरीवर बसून आई हेच म्हणत होती, की डॉक्टरांना आणखी एकदा विचारायला हवं होतं मी. जगातली कुठलीही चूक बेवारस दिसली, की ही बाई तिला दत्तक घ्यायची. आणि ज्यांच्या त्या चुका असायच्या, ते सगळे हात झटकून जेवायला बसायचे. तिने पिशवी खाली टाकली आणि रुमाल ओढून काढला.

नाकापासून दोन्ही कानांपर्यंत गाल लालभडक झाले होते, आणि नुसते लाल नव्हते, ओलसर, चकचकीत. उकडलेल्या बटाट्याचं साल ओढून काढावं तशी वरची कातडी हनुवटीपाशी सुटून आली होती. कपाळावर पट्टे होते. डोळ्यांभोवती दोन गोल तेवढे शाबूत होते, कारण डब्यावर लिहिलं होतं, डोळ्यांभोवतीचा भाग सोडावा. आईने तो सोडला होता. कंपास घेऊन आखावा इतका नेटका सोडला होता. "काय केलंस तू हे?" ती ओरडलीच. आई खुर्चीत सावरून बसली, शाळेत उभं केलेल्या मुलीसारखी. "तू आणलेलं तेच गं. आधी स्क्रब, मग मास्क. स्क्रब पाच मिनिटं, गोल गोल, हलक्या हाताने. मग कोमट पाण्याने धुवायचं. मग मास्क, वीस मिनिटं. घड्याळ लावून बसले होते मी." "आणि आग झाली नाही?" "झाली ना. पण लिहिलंय, किंचित चुणचुण होईल, ती परिणाम होत असल्याची खूण आहे. म्हटलं, होतोय परिणाम." आणि एवढं बोलून आई हसायला गेली, पण गाल ताणले गेले तसे तिचे डोळे पाण्याने भरले.

तो डबा तिनेच आणला होता, यात काही वाद नव्हता. ती खोक्यांच्या छापखान्यात कामाला होती. औषधांची, साबणांची, बिस्किटांची, पेनांची खोकी तिथे छापून, कापून, चिकटवून बाहेर पडायची. ती कॉम्प्युटरवर बसून कुठला मजकूर खोक्याच्या कुठल्या बाजूवर जाईल ते बसवायची. एक मिलिमीटर इकडचं तिकडे झालेलं तिला खपत नसे, म्हणून छापखान्यात तिला मिलिमीटरबाई म्हणत, समोर कौतुकाने आणि पाठीमागे दात विचकून. चेहऱ्याच्या या जोडीचं, म्हणजे एका डब्यात दोन ट्यूबा, एक स्क्रब आणि एक मास्क, खोकं त्यांच्याकडेच छापलं गेलं होतं. पहिला लॉट गेल्यावर कंपनीने भरलेले दहा डबे खूश होऊन पाठवले आणि मालकाने ते वाटले. तिने आपला आईला दिला. "मला?" आई म्हणाली होती, आणि डबा दोन्ही हातांत धरून उभी राहिली होती. चौसष्ट वर्षांत त्या चेहऱ्याला साबण आणि पाणी सोडून काही लागलं नव्हतं. पुढचे दोन आठवडे आई तो डबा नुसता वाचत होती. चष्मा लावून, खिडकीपाशी बसून, एकेक बाजू. लिहिल्याप्रमाणे कानामागे थोडं लावून एक दिवस वाट पाहिली. लिहिल्याप्रमाणे उन्हातून आल्या दिवशी लावायचं टाळलं. आणि रविवारी सकाळी, लेक बाजारात गेल्यावर, घरात कोणी नसताना, लाजत लाजत तो डबा उघडला असणार.

कारण आई वाचणारी बाई होती. एकतीस वर्षं ती एका सरकारी खिडकीमागे बसली. लोक फॉर्म भरून आणत आणि आई ते तपासून घेई. मागची बाजू कोरी असली की लाल पेन्सिलीने एक गोल करी, खिडकीच्या फटीतून फॉर्म परत सरकवी आणि म्हणे, "मागची बाजू वाचली का? नीट भरून आणा." एवढंच. ना आवाज चढवणं, ना टोमणा. घरी दादा आणि ती आईची नक्कल करत. भात वाढला की ताट परत सरकवून दोघं म्हणत, मागची बाजू भरून आणा. त्या खिडकीत आई कधीच माझीच चूक म्हणत नसे. ते ती घरी येऊन, साडी बदलून झाल्यावर म्हणायची. लहानपणी एकदा ती आईबरोबर कचेरीत गेली होती आणि एका धिप्पाड माणसाला आईसमोर ओशाळून मागची बाजू भरताना पाहून तिला वाटलं होतं, ही आई वेगळीच आहे, हीच घरी का येत नाही?

रविवारी संध्याकाळी आई झोपल्यावर तिने डबा हातात घेतला. दर्शनी बाजूला फुलं. उजव्या बाजूला, पायरी एक, स्क्रब. डाव्या बाजूला, पायरी दोन, मास्क. मागे घटकद्रव्यं, बारीक अक्षरांत, आणि दोन्ही ट्यूबांत फळांचं आम्ल. तिने सगळं तीनदा वाचलं. डबा उलटा केला, सुलटा केला, झाकणाच्या आत पाहिलं. एक ओळ होती. तिला आठवत होतं, एक ओळ होती. तिनेच ती टाइप केली होती. म्हणजे बोटांना आठवत होतं, डोक्याला नाही. कंपनीने ती शेवटी गाळली असणार, असं तिने ठरवून टाकलं आणि कंपनीवर असा काही राग धरला, की त्या रागाच्या उबेत तिला चक्क झोप लागली.

सोमवारी सकाळी कातडीच्या डॉक्टरकडे. डॉक्टर तरुण, गुळगुळीत, स्वतःचा चेहरा जाहिरातीसारखा. "आजी, या वयात कशाला या भानगडी?" असं म्हणून तो हसला तेव्हा टेबलावरचा काचेचा गोळा उचलून त्याच्या कपाळात घालावा असं तिला वाटलं. या वयात म्हणजे काय? चेहरा काय भाड्याने आणलेला असतो, की वय झालं की परत करायचा? मग त्याने समजावलं, आणि समजावताना मात्र तो बरा वाटला. स्क्रबने वरचा मेलेला थर निघतो, खालची कातडी उघडी पडते. साधा मातीचा लेप असता तर एकापाठोपाठ एक चाललं असतं, पुष्कळजण तसंच करतात. पण यात दोन्हीत आम्ल आहे. उघड्या कातडीवर वीस मिनिटं आम्लाचा लेप म्हणजे जखमच. "दोन्हींत निदान तीन दिवसांचं अंतर ठेवायला हवं. डब्यावर लिहिलेलं असतं हे. आजी, तुम्ही वाचलं नाहीत का?" आईने मान खाली घातली. "वाचलं असेल हो," ती म्हणाली. "ध्यानात राहिलं नसेल. माझीच चूक."

जिना उतरताना आईने मलमाची ट्यूब तिच्या हातात दिली. "तूच वाच काय लिहिलंय ते, आणि तूच लाव." "का? तुला वाचता येत नाही?" "आता माझ्या वाचण्याचा काय भरवसा? माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. आधी वाचलेलं विसरायची. मग एक दिवस पेपर उलटा धरून बसली होती." हे आई अगदी सहज म्हणाली, भाजी महागली म्हणावं तसं. कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होती, पूर्वी कधी धरत नसे. आणि तिला, म्हणजे लेकीला, आतल्या आत असं काही पेटत गेलं की रस्त्यात रिक्षावाल्याने वळण थोडं लांबून घेतलं तर तिने त्याचा उद्धार केला.

दुपारी छापखान्यात पोचल्यावर तिने आधी कपाट उघडलं. प्रत्येक कामाचा एक न घडी घातलेला, सपाट कागद तिथे ठेवलेला असतो. सपाट कागदावर खोकं म्हणजे चारी पाय पसरून पडलेला बेडूक. सगळ्या बाजू एकदम डोळ्यांसमोर येतात, पुढची, मागची, झाकणं, कान. तिने तो टेबलावर पसरला. आणि ती ओळ होती. कंपनीने गाळली नव्हती, कोणीच गाळली नव्हती. ठळक, काळी, स्वच्छ ओळ: स्क्रब आणि मास्क एकाच दिवशी वापरू नये, दोन्हींत किमान तीन दिवसांचं अंतर ठेवावं. डाव्या कडेला, पेस्टिंगच्या पट्टीवर. खोक्याची एक बाजू दुसरीच्या आत घालून डिंकाने चिकटवतात ती बोटभर पट्टी. ती आत जाते. तिच्यावर काही छापत नाहीत, हे छापखान्यात झाडू मारणाऱ्यालाही ठाऊक असतं. घडी घातली, डिंक लावला, दाबलं, की पट्टी गडप. चाळीस हजार डब्यांत ती ओळ अशी होती, छापलेली आणि गाडलेली.

आता आठवायला काही उरलं नव्हतं, आणि तरी ते आठवण्याला किती वेळ लागला. तो कंपनीचा माणूस, गळ्यात पट्टा, पट्ट्यात फोटो, अकरा वेळा मजकूर बदलून घेणारा. फुलं मोठी करा. फुलं आणखी मोठी करा. ती म्हणाली होती, "साहेब, मग ही सूचना बसत नाही, फुलं लहान करावी लागतील." आणि तो मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला होता, "तुम्ही फक्त बसवा हो, विचार आम्ही करतो." तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. बसवा? बसवते. तिने ती ओळ उचलून पेस्टिंगच्या पट्टीवर टाकली. त्याला दिसावं म्हणून टाकली. सपाट प्रूफवर तर सगळंच दिसतं; तो विचारेल, ही इथे कशी, आणि मग आपण म्हणू, आता करा विचार. त्याने विचारलं नाही. त्याने खाली भराभर सही ठोकली. ती त्या सहीकडे पाहत राहिली होती, तोंडापर्यंत शब्द आले होते, आणि तिने ते गिळले. केलीस ना सही? मग घे. गंमत म्हणजे तेव्हा तिला बरं वाटलं होतं. पुढे आठवड्याभरात ती हे विसरूनही गेली, पण त्याआधी आणखी एक झालं होतं. पेस्टिंगची बाई, जाडसर, नेहमी डिंकाने बोटं चिकटलेली, वर आली होती आणि दारातूनच म्हणाली होती, "मॅडम, या खोक्याच्या पट्टीवर अक्षरं आहेत. शाईवर डिंक धरत नाही." तेव्हा सांगायचं. तेव्हाही वेळ होता, अजून शंभरसुद्धा चिकटली नव्हती. आणि मिलिमीटरबाईंनी मान वर न काढता उत्तर दिलं होतं, "जास्त लावा आणि दाबून धरा."

माणसाला स्वतःचा राग आला की तो आधी दुसऱ्यांची दारं ठोठावत फिरतो. सपाट कागद गुंडाळून तिने पिशवीत कोंबला आणि डब्यावरच्या तक्रारीच्या नंबराला फोन लावला. पलीकडे कोवळ्या आवाजाची मुलगी. तिने त्या मुलीला असं फैलावर घेतलं, की शेजारच्या टेबलावरचे दोघे काम सोडून ऐकू लागले. माणसं मारायला निघालात का, म्हणे सुंदर दिसा, लाज कशी वाटत नाही, माझ्या आईचा चेहरा सोलून निघालाय. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच, आणि त्या मारताना घसा खरोखर बसतो. ती मुलगी शांतपणे सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "मॅडम, दोन्ही एकत्र वापरू नये अशी सूचना खोक्यावर छापलेली आहे. तुमच्या आईंनी ती वाचली नसावी." मुलीचं खरं होतं. छापलेली होती. तिने फोन आपटला, आणि शेजारच्या दोघांवर खेकसली, "काय बघताय?"

मंगळवारी दादाचा फोन आला. दादा दुसऱ्या शहरात राहायचा आणि महिन्यातून एकदा फोनवरून कर्तव्य करायचा. आईने गोळ्यांचा डबा आदल्या रात्रीच तिच्या ताब्यात दिला होता. पेपर सकाळपासून घडी न मोडता टेबलावर पडला होता. "गॅस बंद आहे ना गं?" असं आईने चार वेळा विचारलं होतं, आणि चौथ्यांदा स्वतः उठून पाहण्याऐवजी नुसती तिच्या तोंडाकडे बघत राहिली होती. फोनचा आवाज मोठा असायचा, दादाचं सगळं खोलीभर ऐकू यायचं. "हे बघ, हे काही बरं लक्षण नाही. आजीचं आठवतंय ना? एखाद्या डोक्याच्या डॉक्टरला दाखवून घे. आणि दुपारी तिला एकटीला ठेवू नकोस आता." ती म्हणाली, "दादा, तोंड आवर." "मी वावगं काय बोललो? लिहिलेलं वाचून कळत नसेल तर..." "तिला सगळं कळतं!" "मग केलं कसं असं?" तिने आईकडे पाहिलं. आई मलम लावलेला चेहरा घेऊन भिंतीकडे बघत बसली होती आणि दादाच्या प्रत्येक वाक्याला हळूच मान हलवत होती. आता सांगावं. आत्ता, या क्षणी, फोनवर, दोघांना एकदम. "मला काय माहीत कसं केलं," असं म्हणून तिने फोन ठेवला. आई म्हणाली, "त्याच्यावर कशाला चिडतेस? बरोबर बोलतोय तो. माझंच चुकलं." आणि तिने, जिच्या जिभेला हाड नाही म्हणून अख्खा छापखाना टरकायचा तिने, मुकाट्याने उठून कपबशा विसळायला घेतल्या.

ती चिडकी होती हे तिला ठाऊक होतं, उलट थोडा अभिमानच होता. आईसारखं व्हायचं नाही, हे तिने त्या भिरकावलेल्या ताटाच्या दिवशी ठरवलं होतं. आठ-नऊ वर्षांची असेल. भिंतीवरून आमटी ओघळत होती, आई फडकं घेऊन वाकली होती, आणि ती कोपऱ्यात मुठी आवळून उभी होती. मी कधीही वाकणार नाही, माझी नसलेली चूक पुसायला तर नाहीच. पण चूक माझी असली तर काय करायचं, हे त्या दिवशी ठरवायचं राहून गेलं होतं. वडिलांनी तरी दुसरं काय केलं होतं? कचेरीत कोणीतरी त्यांना म्हणालं असेल, तुम्ही फक्त बसवा. ते तिथे काही बोलले नसतील. घरी येऊन ताट उचललं. तिचे हात अजून नळाखाली होते. हे मनात आलं ते तिला मुळीच आवडलं नाही, आणि नळ तिने इतक्या जोरात बंद केला की तो पुन्हा गळू लागला.

बुधवारी मालक स्वतः टेबलापाशी आले, खुशीत. चेहऱ्याच्या जोडीची दुसरी ऑर्डर आली होती, पहिलीच्या दुप्पट. "जुनंच सगळं आहे, तुम्हाला काही काम नाही. उद्या सकाळी मशीनवर घेतोय." तिने तोंड उघडलं. पिशवीत तो गुंडाळलेला कागद होता, तिसऱ्या दिवशीही होता, तिने तो कपाटात परत ठेवला नव्हता. मालकांच्या कपाळावर मधोमध एक पुटकुळी होती, तिच्याकडे बघत ती म्हणाली, "कागद तोच वापरायचा का?" "तोच हो, तोच." असं म्हणून ते शीळ घालत गेले. तिने मशीनच्या दिशेला पाहिलं, पेस्टिंगच्या खोलीकडे पाहिलं. आत त्या जाड बाईचा हात चालू होता, दाब, सोड, दाब, सोड. सगळ्यांचा राग आला. त्या बाईचाही आला. दोनदा का नाही सांगितलंस, भवाने, भांडायचं होतंस माझ्याशी.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा आई टेबलापाशी बसली होती. गालांवर आता तपकिरी खपल्या धरल्या होत्या, आणि त्यांच्या मधून डोळे त्या दोन शाबूत गोलांतून बघत होते. समोर एक फॉर्म होता, वाचनालयाच्या वर्गणीदारांचा, नव्या वर्षासाठी भरायचा. दरवर्षी आई तो आला त्याच दिवशी भरून टाकायची, मागच्या बाजूसह. "चिमे," आईने हाक मारली. हे तिचं लहानपणीचं नाव फक्त आईच्या तोंडी उरलं होतं. "हा तूच भर बाई. मला सही कुठे करायची तेवढं दाखव." पेन उघडं धरलेलं होतं. फॉर्म पालथा पडला होता, मागची बाजू वर, कोरी. आणि आई त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हती. न वाचता सही करायला ती पेन घेऊन बसली होती, लेक दाखवेल त्या जागी.

तिने पिशवीतून तो कागद काढला आणि टेबलावर, फॉर्मच्या वर, पसरला. तो सारखा गुंडाळला जात होता म्हणून एका कडेवर मीठदाणी ठेवली आणि दुसऱ्या कडेवर स्वतःचा हात. "वाच," ती म्हणाली. "काय आहे हे?" "वाच म्हणते ना. सगळं वाच. चष्मा लाव." तिचा आवाज नको तेवढा चढला. आईने दचकून चष्मा लावला. बोट ठेवून वाचू लागली, मोठ्याने, अडखळत, परीक्षेला बसवल्यासारखी. पायरी एक. पायरी दोन. डोळ्यांभोवतीचा भाग सोडावा. किंचित चुणचुण होईल. "हे सगळं आहे की माझ्या ध्यानात," आई पुटपुटली आणि तिचं बोट डाव्या कडेला सरकलं. तिथे ते थांबलं. आईने ती ओळ मनात वाचली, मग ओठ हलवत वाचली. मग उठली, फडताळातून तो डबा घेऊन आली, आणि कागद आणि डबा शेजारी शेजारी ठेवून एकेक बाजू जुळवू लागली, जसे पूर्वी अर्ज आणि दाखले जुळवायची. घाई नव्हती. शेवटी डब्याची ती चिकटवलेली कड आईने नखाने उचकटली. डिंक जास्त लावलेला होता, सहज सुटेना. कागदाचे तंतू ओढत पट्टी बाहेर आली, आणि अर्धी अर्धी अक्षरं दिसली.

"हे आत होतं," आई म्हणाली.

"हो."

"मग मी वाचणार कसं?"

"कसं वाचणार? तुला वाचताच येणार नव्हतं."

"म्हणजे मी नीट वाचलं होतं."

"नीट वाचलं होतंस."

आई खुर्चीत बसली. दोन्ही तळवे टेबलावर सपाट ठेवले. "मी नीट वाचलं होतं," ती पुन्हा म्हणाली, लेकीला नाही, खोलीतल्या दुसऱ्याच कोणाला तरी. मग चष्म्यावरून वर पाहिलं. "कोणी ठेवलं हे इथे?"

"मी." आणि मग तिला थांबता येईना. कंपनीचा माणूस, गळ्यातला पट्टा, फुलं मोठी करा, अकरा वेळा, तो म्हणाला तुम्ही फक्त बसवा, मी दाखवायला म्हणून ठेवलं, त्याने बघितलंच नाही, सही त्याची आहे, मालकाची आहे... आईने हात वर केला. खिडकीमागून करायची तसा, बोटं मिटलेला, शांत.

"तुला कधी कळलं?"

"सोमवारी. दुपारी."

"आज बुधवार."

तिने मीठदाणी उगाच सरळ केली.

"सोमवार, मंगळवार, बुधवार," आई म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण त्यात असं काही होतं, जे तिने या घरात आजवर कधी ऐकलं नव्हतं. "दादाने फोनवर माझं डोकं फिरल्याचं सांगितलं, तू ऐकत होतीस. मी गोळ्यांचा डबा तुझ्या हातात दिला, तू घेतलास. मला माझी आई दिसत होती गं, पेपर उलटा धरलेली. तीन दिवस मी तुझ्यासमोर म्हणतेय, माझी चूक, माझी चूक. आणि तू ऐकून घेतलंस."

गालांवरची एक खपली ताणून फुटली होती, तिथे रक्ताचा बारीक थेंब आला. ती रुमाल घेऊन पुढे झाली. "हात लावू नकोस," आई म्हणाली. आणि त्या क्षणी तिला वाटलं, ओरडावं आईने, ताट भिरकावावं, काहीही करावं. इतक्या वर्षांचा सगळा राग एकदम काढावा. आईने तसं काही केलं नाही. तिने टेबलाच्या खणातून लाल पेन्सिल काढली. कागदावरच्या त्या ओळीभोवती एक गोल केला, पूर्ण, दोन्ही टोकं बरोबर जुळलेला. मीठदाणी बाजूला ठेवली. "अजून किती डबे निघणार आहेत?" "ऐंशी हजार. उद्या सकाळी मशीनवर चढतील." आईने मान हलवली, आणि दोन बोटांनी तो कागद टेबलावरून तिच्याकडे परत सरकवला.

"नीट करून आण," ती म्हणाली. "मग बोल माझ्याशी."

मग आईने वाचनालयाचा फॉर्म जवळ ओढला, चष्मा सारखा केला, आणि मागच्या बाजूपासून वाचायला सुरुवात केली. ती उभीच होती. छापखाना अजून तासभर उघडा असतो, मालक तिथेच असतील, आणि कंपनीच्या त्या माणसाचा नंबर तिच्याकडे आहे. पायांत चपला होत्याच. आल्यापासून त्या काढायच्या राहूनच गेल्या होत्या. तिने तो कागद गुंडाळला, बगलेत धरला आणि दार ओढून घेतलं.